वाचक विचारतात : घरच्या घरी ॲल्युमिनियमचे ॲनोडायझिंग

प्रश्न : लेथवर ॲल्युमिनियमचे छोटे ब्रॅकेट आणि नॉब करतो. ते घरीच ॲनोडाइज करून रंगवता येतील का? सामान काय लागेल, आणि करंट किती द्यायचा? (एक वाचक, फोंडा)

येतील. ॲनोडायझिंग म्हणजे आम्लात करंट देऊन ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा बारीक छिद्रांचा थर चढवणे; रंग त्या छिद्रांत बसतो. मात्र हे काम परसात किंवा उघड्या पडवीत करायचे. भाग आम्लात असताना बुडबुडे सुटतात, त्यांच्याबरोबर आम्लाचे बारीक तुषार उडतात आणि जवळपासचे लोखंड आठवड्याभरात गंजते. दुचाकी आणि हत्यारे लांब ठेवा. सुटणाऱ्या वायूत हायड्रोजन असतो, म्हणून शेजारी विडी-काडी किंवा ठिणगी नको.

आम्ल म्हणून बॅटरीच्या दुकानातले ॲसिड चालते. त्याची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता) साधारण १.२६ असते. आम्लाच्या खुल्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्बंध आणले, त्यामुळे दुकानदाराने ओळखपत्र मागितले तर नवल नाही. प्लास्टिकच्या टबात अडीच लिटर डिस्टिल्ड वॉटर घ्या आणि त्यात दोन लिटर ॲसिड बारीक धारेने सोडा. क्रम उलटा करू नका, पाणी आम्लात ओतले की उसळून अंगावर येते. द्रावण थंड झाल्यावर बॅटरीच्या हायड्रोमीटरवर १.१२ च्या आसपास दिसले पाहिजे. त्यात लिटरमागे सुमारे १९५ ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल असते, आणि या कामाला तेवढेच हवे. डोळ्यांना बंद गॉगल, हातात रबरी मोजे आणि जवळ साध्या पाण्याची भरलेली बादली, एवढे असल्याशिवाय झाकण उघडू नका. डोळ्यात थेंब गेला तर वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवायचे आणि मग थेट डॉक्टरकडे जायचे.

भाग पॉझिटिव्हला जोडायचा. निगेटिव्हला ॲल्युमिनियमचे पत्रे लावा, भागाच्या दोन्ही बाजूंना एकेक, किमान ५ सेंटिमीटर अंतरावर. जुन्या पद्धतीत शिसे वापरतात. कामाला ते उत्तम आहे, पण पुढे त्याचा गाळ कुठे टाकायचा हा प्रश्न उरतो. घरी शिसे टाळावे. लटकवायची तारही ॲल्युमिनियमचीच हवी. तांबे, पितळ किंवा लोखंड द्रावणाला लागले तर करंट त्यांच्यातूनच पळतो आणि द्रावणही नासते.

वीज द्यायला करंट ठरवता येणारा ० ते ३० व्होल्ट, ५ ॲम्पियरचा डीसी पॉवर सप्लाय घ्या. बॅटरी चार्जरवर भागवणारे बरेच आहेत, पण त्यात करंट हातात राहत नाही. हिशेब असा : दर १०० चौरस सेंटिमीटरला १.२ ॲम्पियर. समजा पट्टी १० बाय ६ सेंटिमीटर आणि ५ मिलिमीटर जाड आहे. दोन्ही तोंडे १२० आणि कडा १६, मिळून १३६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे करंट १.६ ॲम्पियर. वेळ काढायला थराची हवी ती जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) घ्या, तिला ३.१ ने गुणा आणि १.२ ने भागा. १५ मायक्रॉनला ३९ मिनिटे येतात. घरात वापरायच्या वस्तूला १० ते १२ मायक्रॉन पुरेत. गोव्यात बाहेर उघड्यावर राहणार असेल तर १५ च्या खाली जाऊ नका. हिशेबात कडा आणि भोके विसरली की करंट कमी पडतो आणि थर पातळ येतो.

त्याआधीची सफाई : भांड्याच्या साबणाने तेल काढा आणि इथून पुढे उघड्या बोटांनी भागाला हात लावू नका. मग लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवून, ५० अंशांच्या आसपास, अर्धा ते एक मिनिट बुडवा. भांडे स्टीलचे घ्या, ॲल्युमिनियमचे पातेले हा सोडा खाऊन टाकतो. डोळ्यांना कॉस्टिक आम्लाइतकेच, किंबहुना जास्त घातक आहे. वर काळपट थर आला तर नायलॉनच्या ब्रशने वाहत्या पाण्याखाली घासून काढा. दर पायरीनंतर भरपूर धुवायचे. धुतल्यावर पाणी थेंब-थेंब न होता सलग पसरले तर भाग स्वच्छ आहे. थेंब दिसले तर तेल उरले आहे, पुन्हा साबणापासून सुरुवात.

प्रश्न : एप्रिलमध्ये केले तेव्हा थर खडूसारखा आला. बोट फिरवले की पांढरी भुकटी निघते आणि रंगही पुसला जातो. आम्लाचे प्रमाण बरोबर होते. (एक वाचक, कुडचडे)

प्रमाण बरोबर होते, तापमान नव्हते. आम्लात एकाच वेळी दोन गोष्टी चालू असतात : करंट ऑक्साइडचा थर वाढवतो आणि आम्ल तोच थर वरून विरघळवते. १८ ते २२ अंशांत वाढ जिंकते. २५ च्या वर विरघळणे जोर धरते, छिद्रे रुंदावतात आणि वरचा भाग भुसभुशीत होतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये नळाचे पाणीच ३० अंशांच्या घरात असते. बाहेरच्या पुस्तकांत ‘खोलीच्या तापमानाला’ असे लिहिलेले असते, ती खोली गोव्यातली नव्हे.

त्यातून काम चालू असताना द्रावण स्वतःच तापते. १५ व्होल्टवर ५ ॲम्पियर म्हणजे ७५ वॉट. पाऊण तासात साडेचार लिटर द्रावण त्याने सुमारे ११ अंश चढते. म्हणजे सुरुवातीला २० असले तरी शेवटी ३१. एवढी उष्णता शोषायला कागदावर ६०० ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. आधी ३० वरून २० वर आणायला आणखी अर्धा किलो. हवेची ऊब धरली तर प्रत्यक्षात चारेक किलो बर्फ हाताशी हवा.

बर्फ आम्लात टाकायचा नाही. आम्लाचा टब मोठ्या टबात ठेवा आणि बर्फ-पाणी त्या बाहेरच्या टबात. मासळीबाजारातली लादी स्वस्त पडते, पण तिचे पाणी उडून आत जाऊ देऊ नका, कारण पुढच्या प्रश्नात आहे. मत्स्यटाकीचा छोटा एअर पंप लावून द्रावण ढवळत ठेवा, नाहीतर थर्मामीटर थंड दाखवतो आणि भागाजवळचे द्रावण गरमच असते. पहाटे काम केले तर अर्धा बर्फ वाचतो.

मध्येच वीज गेली तर भाग आम्लात ठेवू नका, करंट नसताना थर नुसता विरघळत राहतो. तारेसकट काढून, धुऊन, डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा. वीज आली की जोडणी न हलवता, व्होल्टेज हळूहळू वाढवत पुढे चालू करा.

प्रश्न : ॲनोडायझिंगनंतर पृष्ठभागावर सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसतात. धुवायला आणि आम्ल पातळ करायला विहिरीचे पाणी वापरले. (एक वाचक, काणकोण)

क्लोराइड. किनाऱ्याजवळच्या आणि खाजनालगतच्या विहिरींत उन्हाळ्यात खारे पाणी झिरपते. जिभेला ते लागेलच असे नाही. लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर क्लोराइड गेले की थर जागोजागी फुटतो आणि खालचा धातू कुरतडला जातो. नळाच्या पाण्यातही क्लोरीन असतेच. साधे धुणे नळावर चालेल, पण आम्लाचे द्रावण, रंग, त्याआधीचे शेवटचे धुणे आणि सीलिंग (शेवटी उकळून छिद्रे मिटवणे) ही चारही डिस्टिल्ड पाण्यातच. बिघडलेले द्रावण दुरुस्त होत नाही, नवे करा.

प्रश्न : सुरुवातीला करंट ठीक होता, पाच मिनिटांत शून्यावर आला आणि व्होल्टेज ३० ला जाऊन टेकले. भाग अर्धा रंगला, अर्धा कोरा. (एक वाचक, म्हापसा)

तार सैल आहे. ऑक्साइड विजेला अडवतो. तार आणि भाग यांच्यात जरा फट असली की तिथेही थर चढतो आणि संपर्क संपतो. नवशिक्यांचे निम्म्याहून अधिक बिघाड इथलेच. नुसती गुंडाळलेली तार चालत नाही. आट्याच्या भोकात ॲल्युमिनियमचा तुकडा ठोकून घट्ट बसवा किंवा पट्टीला आतून ताण देऊन अडकवा. टब हलवला तरी भाग तारेवर फिरता कामा नये. तारेवर मागच्या खेपेचा थर असतो, तो दर वेळी कानशीने खरवडा.

मीटरवर लक्ष असू द्या. सर्व ठीक असेल तर ठरवलेला करंट स्थिर राहतो आणि व्होल्टेज पहिल्या काही मिनिटांत १२ ते १८ च्या दरम्यान स्थिरावते. करंट पूर्ण, पण व्होल्टेज १० च्याही खाली रेंगाळत असेल तर द्रावण गरम आहे किंवा क्षेत्रफळ कमी मोजले आहे. काम झाल्यावर मल्टिमीटरच्या दोन्ही टोकांनी थर तपासा. कंटिन्युइटी (वीज वाहते असे) दाखवली तर थरच आलेला नाही, रंगाची पुडी उघडू नका.

प्रश्न : मोटरसायकलचे इंजिन कव्हर काळपट, डागाळलेले झाले. खिडकीच्या सेक्शनचा तुकडा मात्र छान आला. (एक वाचक, वास्को)

कव्हर ओतीव आहे. अशा मिश्रधातूत १० ते १२ टक्के सिलिकॉन असते आणि त्याचा ऑक्साइड होत नाही, ते करडे डाग होऊन वर उरते. त्याला पावडर कोटिंग करा. खिडकीचे सेक्शन बहुधा ६०६३ क्रमांकाच्या मिश्रधातूचे असतात आणि शिकायला याहून चांगला धातू नाही. फक्त दुकानातल्या सेक्शनवर आधीचा थर असतो. तो कॉस्टिकमध्ये काढा : सगळीकडून सारखे बुडबुडे येऊ लागले की थर गेला. लेथच्या कामाला ६०६१ मागा. २०२४ क्रमांकाच्या मिश्रधातूत तांबे असल्याने थर पिवळट आणि कमकुवत येतो.

प्रश्न : कपड्यांच्या रंगाची पुडी वापरली. दोन महिन्यांत लालचा गुलाबी झाला. (एक वाचिका, मडगाव)

सुती कपड्याचे रंग या छिद्रांत नीट बसत नाहीत. लोकर-रेशमाचे ॲसिड डाय बरे, ॲनोडायझिंगचेच रंग सर्वांत बरे. लिटरला ५ ग्रॅम, काळ्याला १०. तापमान ५० ते ६० अंश, वेळ १० ते १५ मिनिटे. ६५ च्या वर नेलेत तर रंग शिरण्याआधीच छिद्रे मिटू लागतात. आम्लातून काढलेला भाग धुऊन ओलाच रंगात टाकायचा, वाळू द्यायचा नाही. सतत उन्हात राहणाऱ्या वस्तूला काळा निवडा.

सीलिंग झाले का, हेही पाहा. डिस्टिल्ड वॉटर उकळत्याच्या जवळ, ९६ अंशांच्या वर ठेवून मायक्रॉनमागे दोन ते तीन मिनिटे द्यावी लागतात. १५ मायक्रॉनला अर्धा ते पाऊण तास. बहुतेक जण दहा मिनिटांत काढतात. पहिली दोन मिनिटे रंग थोडा सुटतो, तो फार सुटत असेल तर आधी पाच मिनिटे वाफेवर धरा. थंड झाल्यावर कोपऱ्यावर मार्करचा ठिपका द्या आणि स्पिरिटने पुसा. डाग राहिला तर छिद्रे उघडी आहेत, पुन्हा उकळा.

प्रश्न : वापरलेले आम्ल कुठे ओतायचे? (एक वाचक, पेडणे)

ओतू नका, झाकणाच्या कॅनवर नाव लिहून कुलपात ठेवा. लिटरमागे १५ ते २० ग्रॅम ॲल्युमिनियम विरघळेपर्यंत ते चालते आणि घरच्या कामात तिथवर जायला बराच काळ लागतो. टाकायचेच झाले तर आधी पाचपट पाण्यात मिसळा, मग धुण्याचा सोडा किंवा विरी गेलेला चुना थोडा-थोडा घाला. साडेचार लिटर द्रावणाला सुमारे एक किलो सोडा किंवा ७०० ग्रॅम चुना लागतो. सोड्याने फेस उसळतो, म्हणून भांडे मोठे घ्या. लिटमस किंवा पीएच पट्टी ७ च्या आसपास आली की वरचे निवळलेले पाणी भरपूर पाण्याबरोबर गटारात सोडता येते. तळाचा पांढरा गाळ वाळवून कचऱ्यात द्या. विहीर, ओहोळ, सेप्टिक टँक आणि माडाचे आळे यांत काहीही नको. पावसाळ्यात कॅन उंचावर ठेवा.