क्षय की क्रोन्स? ‘आणखी तीन महिने बघू’ म्हणण्याआधी पुन्हा कोलोनोस्कोपी

ताई, तुमच्या भावाबद्दल वाचलं. आतड्याच्या क्षयाची औषधं सुरू होऊन साडेचार महिने झाले. आधी वजन वाढलं, आता जेवल्यावर पुन्हा कळा येतात. म्हणून हा क्षयच की तसाच दिसणारा क्रोन्स (आतड्याला सूज आणि व्रण आणणारा, पण क्षयाच्या जंतूंमुळे न होणारा दीर्घ आजार), हा प्रश्न आहे. डॉक्टर ‘आणखी तीन महिने बघू’ म्हणतात आणि घरचे आयुर्वेदाचं विचारतात. आमचं घर याच चक्रातून गेलंय, म्हणून सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही. हे वाचून एकही गोळी परस्पर बंद करू नका.

आजाराची प्राथमिक माहिती तुम्हाला एव्हाना पाठ झाली असेल, ती सोडतो. मुद्दा एकच आहे. ‘त्याला बरं वाटतंय का’ या प्रश्नावर इथे काही ठरवता येत नाही. क्रोन्स असूनही क्षयाच्या औषधांवर काहींना सुरुवातीला आराम पडतो. उलटही होतं. क्षय बरा होतो, पण व्रण भरताना आतडं तिथे आवळलं जातं आणि कळा त्या अरुंद जागेमुळे येत राहतात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पुन्हा कोलोनोस्कोपी (गुदमार्गातून दुर्बीण घालून आतड्याची तपासणी) करून व्रण भरलेत का हे प्रत्यक्ष बघायचं असतं. क्षय असेल तर तोवर ते बहुतेक भरलेले असतात. तसेच असतील तर क्रोन्स, औषधांना दाद न देणारा क्षय किंवा चुकलेल्या गोळ्या, यातलं काहीतरी असतं. तुमच्या लिहिण्यात या दुसऱ्या तपासणीचा उल्लेखच नाही. उशीर झाला असला तरी आधी तीच मागा. क्रोन्स असताना नुसते महिने गेले, तर सूज आतड्याच्या भिंतीत खोल जाते, जागा कायमची आवळते आणि गोष्ट ऑपरेशनवर येते.

तपासणीच्या आधी डॉक्टरांशी एक गोष्ट नक्की बोला. व्रणाच्या कडेचे आणि तळाचे मिळून किमान आठ तुकडे घेतले जावेत, आणि ते दोन डब्यांत जावेत. फॉर्मॅलिन या टिकवणाऱ्या द्रावणातले सूक्ष्मदर्शकाखाली बघायला, साध्या सलाइनमधले कल्चर (जंतू वाढवून बघणं) आणि जीनएक्स्पर्टसाठी (क्षयाच्या जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी). सगळे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये गेले तर जंतू मरतात आणि कल्चर होऊच शकत नाही. हे सर्रास घडतं. जीनएक्स्पर्ट निगेटिव्ह आला म्हणून क्षय नाही असंही होत नाही, कारण आतड्यात जंतू फार थोडे असतात.

मधल्या काळात ‘बरं वाटावं म्हणून’ स्टिरॉइड सुरू करायला माझा ठाम विरोध आहे. खरा क्षय त्याखाली झाकला जातो आणि आराम कशाने पडला हे कळत नाही. शिवाय क्षयावरचं रिफाम्पिसिन शरीरातली प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची पातळी खाली आणतं.

आता आम्हाला सगळ्यात महाग पडलेली गोष्ट. एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागाने बायॉप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले आतड्याचे तुकडे) देण्यात इतकी टोलवाटोलवी केली, की दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत मिळेपर्यंत उपचार तिथेच अडकले. आजारापेक्षा त्या खिडकीची चीड जास्त येते. तुम्ही तोंडी मागू नका. लेखी अर्ज द्या, बायॉप्सी नंबर घाला, ‘पॅराफिन ब्लॉक आणि मूळ स्लाइड्स’ असं स्पष्ट लिहा आणि पोचेवर शिक्का घ्या. रुग्णाने मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत द्यावीत असं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे, त्याचा दाखला अर्जात द्या. सीटी स्कॅनची फिल्म पुरत नाही, सीडीही मागा.

बाकी शरीराकडेही बघायला हवं, निदान होईपर्यंत थांबायची गरज नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) आणि सीआरपी (सूज किती ते) या रक्ततपासण्या करून घ्या. शरीरात सूज असताना फेरिटिन खोटं चांगलं दिसतं. अशा वेळी १०० च्या खालचा आकडाही लोहाची कमतरता सांगू शकतो. लोहाच्या गोळ्या पोटाला झेपत नसतील तर शिरेतून देता येतं. प्रथिनं वजनाच्या दर किलोला दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम लागतात, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सहाच ग्रॅम असतात. पेज आणि मऊ भातावर महिनोन्महिने ठेवलेला माणूस आजारापेक्षा उपासमारीने खंगतो, हे घरच्यांना समजवा.

आतडं अरुंद झालं असेल तर शेवग्याच्या शेंगा, गवार, मक्याचं कणीस, संत्र्याच्या फोडींची सालं, कच्ची कोशिंबीर बंद. सोललेला दुधी, तांबडा भोपळा, मुगाचं वरण, अंडी, मासे चालतात. दूध सोसत नसेल तरच सोडा. पोट फुगून उलट्या होताहेत आणि वारा सरत नाही, असं झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. अंगदुखीला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन नको, पॅरासिटामॉल घ्या, पण क्षयाच्या गोळ्या यकृतावर भार टाकतात, म्हणून तेही डॉक्टरांना विचारून आणि मोजून. सिगारेट ओढत असेल तर ती सुटलीच पाहिजे, क्रोन्सला तिच्याने नक्की बळ मिळतं.

आयुर्वेदाचा मला राग नाही. पण कुड्याची साल किंवा कुठलाही काढा सुरू करायचा तर वैद्य आणि क्षयाचे डॉक्टर दोघांनाही माहीत असू दे. भस्मं मात्र आत्ता नकोतच, काहींत शिसं, पारा सापडलेला आहे. हळदीचं दूध प्यायला हरकत नाही, पण त्याला औषध समजू नका. अल्सरेटिव्ह कोलायटिसवर ज्या मात्रा तपासल्या गेल्या, त्या रोज दोन-तीन ग्रॅम कर्क्युमिनच्या होत्या, आणि हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असतं. तेवढं पोटात जायला रोज सत्तर ते शंभर ग्रॅमच्या आसपास हळद लागेल. त्यातही तो क्रोन्स नव्हे, वेगळा आजार.

प्राणायाम, समुपदेशन, वेळेवर झोप यांनी व्रण भरत नाहीत. पण सतत संडास शोधत फिरणाऱ्या माणसाचा दिवस त्यामुळे सुसह्य होतो आणि गोळ्या चुकत नाहीत. भाऊ बोलायचा बंद झाला असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला बिलकूल लाजू नका.

आणखी एक. क्षयाची औषधं खासगीत चालू असली तरी त्याची निक्षय या सरकारी क्षयरुग्ण नोंदणी पोर्टलवर नोंद झालीय का विचारा. क्षयरुग्णाला सरकारकडून मिळणारे पोषणाचे दरमहा ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत. बँक खात्याचा तपशील चुकला तर ते अडकतात, तेवढं तपासून घ्या.