लोकांसाठी घेतलेली काठी

ती पहिल्यांदा आली तेव्हा हातात काठी होती. बसताना तिने ती भिंतीला टेकवली आणि माझं लक्ष टोकाच्या रबराकडे गेलं. कोरं करकरीत, जराही न झिजलेलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

"मला अजून गरज नाही हिची," तीच म्हणाली. "लोकांसाठी घेतलीय."

वय तिशीच्या आत, आजार मल्टिपल स्क्लेरोसिस. बसमध्ये राखीव जागेवर बसली असताना एका गृहस्थांनी सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "चांगली धडधाकट आहेस की, ऊठ!" ती उठली. दुसऱ्या दिवशी काठी आणली. "प्रत्येकाला माझा आजार सांगत बसायचं का?" हा तिचा प्रश्न. अपस्मार, संधिवात, आतड्याचे आजार असलेलेही मला हेच विचारतात.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये चेतातंतूंवरचं मायलिन नावाचं आवरण खराब होतं, संदेश रेंगाळतात. अंग तापलं की त्रास तात्पुरता वाढतो. श्रमांनंतर अशा रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उटहॉफ यांनी 1890 मध्येच नोंदवलं होतं. त्यामुळे सकाळी जिना चढलेली ही मुलगी दुपारी उन्हातून आली की पाय ओढते. ज्याने सकाळी पाहिलं, त्याला दुपारचं नाटक वाटतं. आणि आता तिला स्वतःलाही तशी शंका येऊ लागली होती. "बरं वाटतं त्या दिवशीही मी बाहेर मुद्दाम हळू चालते," हे सांगताना तिचा आवाज बसला. मला त्या गृहस्थांचा फार राग आला.

मी तिला स्पष्ट सांगितलं, नाही सांगायचं. कामाच्या ठिकाणी सवलत हवी असेल तर गरजेपुरतं सांगावं लागेल. बसमधल्या अनोळखी माणसाचा तुझ्या निदानावर काहीच हक्क नाही. 2016 मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झालेला सूर्यफुलांचा हिरवा पट्टा काहीजण न दिसणाऱ्या आजाराची खूण म्हणून गळ्यात घालतात, तोही ज्याच्या त्याच्या मर्जीने. तिला तो नको होता. मग आम्ही एक वाक्य ठरवलं, "मला आजार आहे, मी बसणार आहे." मोठ्याने म्हणून पाहिलं. पहिल्या तिन्ही वेळा तिच्या तोंडून आधी "सॉरी" आलं.

महिन्याभराने ती आली ती काठी घेऊनच. पण वाक्य एकदा वापरलं होतं. समोरच्या बाई पुटपुटतच राहिल्या म्हणे. ही मात्र आपला थांबा येईपर्यंत जागची हलली नाही.