गाडी गेली, हप्ता राहिला

प्रश्न थोडक्यात असा. हे वाचक भोसरीत भाड्याने राहतात आणि चाकणच्या एका कारखान्यात काम करतात. हातात पगार २७ हजार. फेब्रुवारी २०२४ मध्ये ९० हजारांचं कर्ज काढून मोटरसायकल घेतली. हप्ता २,९६८ रुपये, ३६ पैकी २२ भरून झालेत. चार दिवसांपूर्वी रात्री इमारतीखालून गाडी चोरीला गेली. ठाण्यात अर्ज दिलाय, गुन्हा अजून नोंदलेला नाही. बँकेत ७० हजारांची एफडी आहे. त्यांचं विचारणं असं: गाडीच नाही, तर हप्ते कशाचे भरू? २० हजार डाउन पेमेंट करून नवीन गाडी घेऊ का? आणि एजंट म्हणतो तसं आत्ता विमा काढून आठवड्याने तक्रार दिली तर?

सकाळी साडेपाचला खाली उतरलात आणि गाडीच्या जागी फक्त तेलाचा डाग दिसला, असं तुम्ही लिहिलंय. दोन वर्षं पोटाला चिमटा काढून भरलेल्या हप्त्यांची गाडी अशी जाते तेव्हा डोकं सुन्न होतं. पण याच आठवड्यात घाईने घेतलेला निर्णय पुढची तीन वर्षं छळेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एजंटचं. तो सांगतो ते अजिबात करू नका. चोरी आधी आणि विमा नंतर, ही सरळ फसवणूक आहे. खंड पडलेला ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान किंवा चोरी भरून देणारा विमा पुन्हा सुरू करताना कंपनी गाडीची तपासणी करते, निदान ताजे फोटो तरी मागते. तुमची गाडी आहे कुठे? म्हणजे जुने फोटो खपवायचे. पुढे क्लेमच्या चौकशीत रस्त्यावरचा सीसीटीव्ही, कारखान्याच्या गेटवरची नोंद आणि तुमचा ठाण्यातला अर्ज, सगळं समोर येणार. एजंटचं कमिशन तोवर पोचलेलं असेल, सही मात्र तुमची असेल.

आता तुमचं म्हणणं, ‘पाच वर्षांचा इन्शुरन्स काढला होता.’ पॉलिसीचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. पहिल्या पानावर कालावधीच्या दोन चौकटी आहेत. थर्ड पार्टीची फेब्रुवारी २०२९ पर्यंत, ओन डॅमेजची फेब्रुवारी २०२५ पर्यंतच. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला, पण तो आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर. चोरी ओन डॅमेजमध्ये येते आणि तो भाग बहुतेक शोरूम एकाच वर्षाचा देतात. शोरूममध्ये हे कुणी समजावून सांगत नाही, याचा मला मनापासून राग येतो. हजार-दीड हजारांत नूतनीकरण झालं असतं. शोरूम किंमत ९२ हजार, एक ते दोन वर्षांच्या गाडीला घसारा २० टक्के, म्हणजे ७३ हजारांच्या आसपास रक्कम मंजूर झाली असती. त्यातून आधी कर्ज फिटलं असतं आणि पस्तीसेक हजार तुमच्या हातात आले असते. तुम्हाला टोचायला हे लिहीत नाही. हे वाचणाऱ्यांनी आज घरी जाऊन त्या दोन चौकटी बघाव्यात, एवढ्यासाठी.

ज्यांचा ओन डॅमेज चालू आहे त्यांनी गुन्हा लगेच नोंदवावा, कंपनीला त्याच दिवशी कळवावं आणि दोन्ही किल्ल्या जपून ठेवाव्यात, कंपनी त्या मागतेच. तपास लागला नाही की पोलीस न्यायालयात ‘अ समरी’, म्हणजे गुन्हा खरा पण चोर सापडला नाही असा अहवाल पाठवतात, तो कागदही क्लेमला लागतो. गुन्हा वेळेवर नोंदवला असेल, तर निव्वळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केलंय.

हप्ता बंद करू नका. कर्ज तुमच्या नावावर आहे, गाडी फक्त तारण होती. हप्ता परत गेला की बाउन्स चार्ज, दंडाचं शुल्क, सिबिल खराब. शिवाय जामीन तुमचे मेहुणे आहेत, वसुलीचे फोन त्यांनाही जातील. मग एफडी मोडून कर्ज एकदम फेडावं का? आज साधारण ३८,७०० रुपये बाकी निघतात, १४ हप्ते भरलेत तर ४१,५५२ होतात. वाचतात २,८५० आणि त्यातूनही मुदतपूर्व फेडीचं शुल्क जाणार. तेवढ्यासाठी हातातली पुंजी घालवू नका. हप्ता चालतोय तसा चालू दे.

नवीन गाडीचं मन मला कळतं. जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने किंमत उतरलीय, हा सेल्समनचा मुद्दा खरा आहे. पण एक लाखाचं कर्ज १२ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता ३,३२१. जुना धरून महिना ६,२८९. घरभाडं ८,५०० आणि गावी पाठवता ते ३,०००. उरतात ९,२११. त्यात किराणा, मुलीची शाळा, गॅस, दवाखाना. ‘ओव्हरटाइम मिळतो, जमेल’ असं तुम्ही लिहिता. ओव्हरटाइम हा पगार नाही. कंपनीची ऑर्डर कमी झाली की पहिली कात्री त्यालाच लागते.

माझं मत असं: तीन महिने कंपनीच्या बसने जा. बसचे ६०० कापतात. दुसऱ्या पाळीनंतर रात्री हायवेवरून घरापर्यंत अंधारात चालावं लागतं, ही तुमच्या मिसेसची काळजी रास्त आहे. त्या बारा दिवसांना रिक्षाचे ६० धरा, ७२० होतात. एकूण १,३२०. गाडीवर रोजचे ४० किलोमीटर, महिन्याला २० लिटर पेट्रोल, दोन हजारांवर जात होते. म्हणजे बस स्वस्तच पडते आणि तेवढ्यात गाडी सापडते का तेही कळेल.

नाही सापडली तर ४० हजारांपर्यंतची जुनी गाडी एफडीतून रोख घ्या. मागे ३० हजार राहतील, त्यांना हात लावू नका. घेताना आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवर हात फिरवून ताडून बघा, परिवहनच्या ॲपवर नंबर टाका, बँकेचा बोजा उतरलाय का पाहा. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडून निम्म्या किमतीतही घेऊ नका. तीही कुणाच्या तरी इमारतीखालून आलेली असू शकते. ओन डॅमेज आणि डिस्क लॉक पहिल्याच दिवशी.

आणि सगळ्यात तातडीचं म्हणजे एफआयआर. ‘दोन दिवस शोधा, मग या’ असं सांगून ठाण्यात नुसता अर्ज ठेवून घेतला, एवढ्यावर थांबू नका. सोनसाखळी ओढणारे बऱ्याचदा चोरीच्याच गाडीवर असतात, आणि नंबर तुमच्या नावावर आहे. उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं तरी आधी विचारणा तुमच्याकडेच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो आणि प्रत मोफत मिळते. नकार दिला तर पोलीस उपायुक्तांना लेखी पाठवा. प्रत मिळाली की एक आरटीओला, म्हणजे आरसी परस्पर दुसऱ्याच्या नावावर होणार नाही, आणि एक कर्ज देणाऱ्या कंपनीला. मागाहून ई-चलन आलं तर तीच प्रत जोडायची.

या आठवड्यात दुसरी पाळी आहे म्हणालात. मग उद्या सकाळीच जा. आरसी, पॉलिसी, दोन्ही किल्ल्या आणि अर्जाची पोच, एवढं बरोबर ठेवा.