स्पार्कचा जॉब क्लस्टरवर पडतो, लॅपटॉपवर मात्र नीट चालतो. घरी डीबग कसा करायचा?

स्पार्क म्हणजे मोठा डेटा बऱ्याच मशीनवर (म्हणजे क्लस्टरवर) वाटून काम करणारं सॉफ्टवेअर, आणि जॉब म्हणजे त्याला दिलेलं एक काम. तुम्ही लिहिलंय की पहिल्या हजार ओळी घेऊन १६ जीबीच्या लॅपटॉपवर चालवलं की सगळं गोड, आणि क्लस्टरवर मात्र चौथ्या तासाला जॉब आडवा. मग आधी तो नमुना फेका. फाइलीच्या पहिल्या हजार ओळी बहुधा सगळ्यात शहाण्या असतात. अख्खा क्लस्टर घरी आणायचा नसतो, पण जो टास्क (जॉबचा एक तुकडा) पडला त्याच्या ताटातला डेटा तेवढा आणायचा.

क्लस्टरवर स्पार्क एकच टास्क ४ वेळा करून बघतो आणि मग हात टेकतो. तो लांबलचक स्टॅकट्रेस (चूक कुठून कुठे आली याचा माग) वरून वाचत बसू नका, शेवटचं 'कॉज्ड बाय' शोधा. मग तो टास्क ज्या एक्झिक्युटरवर (क्लस्टरवर टास्क चालवणारी प्रोसेस) पडला त्याचा लॉग उघडा. फाइल वाचणारी स्टेज (जॉबचा टप्पा) असेल तर 'रीडिंग फाइल पाथ' अशी ओळ सापडते. तिच्यात फाइलचं नाव असतं आणि कुठल्या बाइटपासून कुठल्या बाइटपर्यंत वाचायचं तेही. तुकडा सहसा जास्तीत जास्त १२८ एमबीचा असतो (कोणी सेटिंग बदललं नसेल तर), लॅपटॉपला काहीच नाही. पडलेली स्टेज शफलनंतरची (ग्रुप किंवा जॉइनसाठी डेटा मशीनांमध्ये पुन्हा वाटल्यानंतरची) असेल तर फाइल सापडत नाही. तिथे ज्या कॉलमवर ग्रुप केलंय त्याच्या प्रत्येक किमतीच्या ओळी मोजा. सगळ्यात फुगलेली आणि नल (रिकामी), या दोन आधी बघा.

घरी मास्टर (जॉब कुठे चालवायचा हे सांगणारं सेटिंग) 'लोकल[१]' ठेवा, म्हणजे सगळं लॅपटॉपवरच, लोकल मोडमध्ये. एकच थ्रेड, त्यामुळे लॉगची खिचडी होत नाही. लोकल मोडमध्ये टास्कला दुसरी संधीही नसते, पहिल्याच चुकीला जॉब पडतो, आणि आपल्याला तेच हवंय. शफल पार्टिशन (शफलनंतरचे डेटाचे तुकडे) मुळात २०० असतात, ती ४ करा. एक्झिक्युटरची मेमरी वाढवून इथे फरक पडत नाही, कारण सगळं ड्रायव्हरच्याच (जॉब हाकणारी मुख्य प्रोसेस) जेव्हीएममध्ये (जावाचा प्रोग्राम चालवणारं यंत्र) चालतं. ड्रायव्हरची वाढवा, आणि तीही जॉब सुरू करताना द्या, कोडमध्ये नंतर लिहून उपयोग नाही.

मॅपच्या आत ब्रेकपॉइंट लावला आणि थांबलाच नाही, असं झालं तर घाबरू नका. मॅप नुसता बेत आखतो, काउंट किंवा कलेक्ट म्हटल्यावर काम सुरू होतं. पायस्पार्क (पायथनमधून स्पार्क) वापरत असाल तर यूडीएफ (आपण स्वतः लिहिलेलं फंक्शन) वेगळ्या पायथन प्रोसेसमध्ये चालतं, तिथे आयडीईचा ब्रेकपॉइंट सहसा पोचत नाही. ते फंक्शन बाहेर काढा आणि साधं पायथन म्हणून पायटेस्टवर (पायथनचं टेस्ट चालवणारं साधन) तपासा. मी तर सगळी यूडीएफ आता अशीच लिहितो.

आता लोकल मोड कुठे फसवतो ते. मी ऐरोलीला नोकरी करतो. आमच्या एका जॉबमध्ये वाशीच्या मार्केटला भाजी आणणाऱ्या ट्रकच्या नोंदी होत्या: जीपीएसची वेळ, इपॉक मिलिसेकंदांत (१९७०च्या सुरुवातीपासून मोजलेल्या). त्यावरून रोज किती गाड्या आल्या हे मोजायचं. माझ्या लॅपटॉपवर आकडे बरोबर, क्लस्टरवर निम्म्याहून जास्त गाड्या आदल्या दिवसात. दोन दिवस आम्ही जॉइनवर संशय घेत बसलो. शेवटी ठाण्याला घरी जाताना गाडीत लक्षात आलं, भाजीच्या गाड्या येतातच मध्यरात्रीनंतर! स्पार्कला सेशन टाइमझोन सांगितला नाही तर तो जेव्हीएमचा धरतो. लॅपटॉपवर भारतीय वेळ, क्लस्टरवर यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ). म्हणजे रात्री १२ ते साडेपाचमधली प्रत्येक गाडी एक तारीख मागे. दिवसाढवळ्याचा डेटा असता तर हे कधी कळलंही नसतं. घरी सेशन टाइमझोन यूटीसी केला आणि चूक एका ओळीत हातात आली. आता तो कोडमध्येच 'एशिया/कोलकाता' असा लिहिलेला असतो आणि टेस्ट मात्र यूटीसीच्या मशीनवर चालतात.

दुसरी फसवणूक स्टॅटिक व्हेरिएबल किंवा स्कालातल्या ऑब्जेक्टची. लोकलमध्ये एकच जेव्हीएम असल्याने सगळ्या टास्कना तीच किंमत दिसते. क्लस्टरवर प्रत्येक एक्झिक्युटरची प्रत वेगळी, ड्रायव्हरने भरलेली किंमत तिथे रिकामी. हे घरी पकडायचं असेल तर 'लोकल-क्लस्टर[२,१,१०२४]' असा मास्टर द्या: २ एक्झिक्युटर, प्रत्येकी १ कोर, १०२४ एमबी, आणि जेव्हीएम खरोखर वेगवेगळे. हा मोड मुळात स्पार्कच्या स्वतःच्या टेस्टसाठी आहे, त्यामुळे स्पार्क नीट इन्स्टॉल केलेला लागतो. थोडी कटकट होते.

एक्झिक्युटर १३७ हा एक्झिट कोड (प्रोसेस का थांबली हे सांगणारा आकडा) देऊन मेला असेल तर मात्र लॅपटॉप बंद करा. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, प्रोसेसला बाहेरून ठार केलंय. बहुतेक वेळा कंटेनरने (एक्झिक्युटर ज्यात चालतो त्याने) मेमरीची मर्यादा ओलांडलेली असते, आणि ते क्लस्टरवरच निस्तरावं लागतं. तुमचा एक्झिट कोड कुठला आहे तेवढं प्रश्नात टाका, मग पुढचं सांगतो.