ती आठवण माझी की चुलतभावाची?

‘लहानपणची जी गोष्ट मी आयुष्यभर सांगत आले, ती माझ्या बाबतीत घडलीच नव्हती असं घरचे म्हणतात. मी खोटं बोलत होते का? की माझी स्मरणशक्ती जायला लागलीये?’ चाळिशी-पन्नाशीतली माणसं हा प्रश्न घेऊन समुपदेशनाला येतात, आणि बहुधा घरातलं कुणी वडीलधारं गेल्यानंतर येतात. सगळी भावंडं जमतात, गेलेल्या माणसाच्या गोष्टी निघतात आणि एकाच गोष्टीवर दोघं हक्क सांगतात. पुढचं प्रकरण अशा अनेक तक्रारींवरून बेतलेलं आहे.

बाईंचं वय 47. त्यांची आत्या म्हणजे सगळ्या घरात उठून दिसणारी. मोटारसायकल चालवायची, दोन बोटं तोंडात घालून शीळ वाजवायची, पाच वर्षांच्या पोरालाही ‘अहो’ म्हणायची. बाई सात वर्षांच्या असताना भर पावसात आत्याच्या मागे बसून, मांडीवर पक्ष्याचा पिंजरा धरून घरी आल्या होत्या. निदान त्यांना तसं आठवत होतं. आत्या गेल्यावर चुलतभाऊ सहज बोलून गेला, ‘अगं, मागे मी बसलो होतो. तू फाटकात उभी होतीस.’ सगळे हसले. बाईंना मात्र पुढचे तीन आठवडे धड झोप लागली नाही.

आधी विस्मरणाच्या आजाराची भीती दूर करायला हवी होती. चाळीस वर्षांपूर्वीच्या प्रसंगात कोण कुठे बसलं होतं यावर मतभेद होणं हे त्या आजाराचं लक्षण नव्हे. काळजी करायची ती वेगळ्या गोष्टींची: तोच प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा विचारणं, कालपरवाचं ठरलेलं साफ विसरणं, रोजच्या वाटेवर चुकणं, नेहमीचे हिशेब न जमणं. यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवावं. बाईंमध्ये यातलं काहीच नव्हतं.

मग खोटेपणाचा प्रश्न. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रौढ जुळ्यांच्या 20 जोड्यांना लहानपणच्या आठवणी विचारल्या होत्या. त्यांपैकी 14 जोड्यांमध्ये निदान एका प्रसंगाबद्दल दोघंही म्हणत होते, ‘हे माझ्या बाबतीत घडलं.’ दोघंही प्रामाणिक होते. एकाच घरात, एकाच वयात, त्याच माणसांभोवती वाढलेल्या मुलांच्या आठवणींमध्ये घर, आवाज, माणसं सगळं सारखंच असतं. प्रसंग डोळ्यांसमोर लख्ख उभा राहतो. तो पाहिलेला, ऐकलेला की भोगलेला, ही खूण मात्र लवकर पुसट होते. शिवाय दर वेळी सांगताना गोष्ट थोडी नव्याने जुळवली जाते. रंगतदार आत्या-मामांच्या गोष्टी सर्वांत जास्त वेळा सांगितल्या जातात, म्हणून त्याच सर्वांत जास्त बदलतात. घरातल्या गप्प माणसांच्या आठवणी या बाबतीत बऱ्या; त्यांना कुणी फारसा हात लावलेला नसतो.

बाईंना दिलेलं काम असं होतं. रोज 20 मिनिटं एकट्याने बसायचं, एका कागदावर एकच प्रसंग लिहायचा. लिहून होईपर्यंत फोटो बघायचे नाहीत आणि कुणाला विचारायचंही नाही. फोटोची बंदी उगाच नाही. 2002 सालच्या एका प्रयोगात 20 प्रौढांना, ते लहानपणी गरम हवेच्या फुग्यात बसले आहेत असा बनावट फोटो दाखवला होता. तिसऱ्या मुलाखतीपर्यंत निम्म्या लोकांना न घडलेल्या त्या सफरीतलं काही ना काही ‘आठवू’ लागलं. खरा फोटोसुद्धा हेच करतो: चौकटीत जे आहे ते पक्कं होतं आणि बाहेरचं मागे पडतं.

लिहून झाल्यावर दुसऱ्या दिवशी तोच कागद तीन रंगांच्या पेनांनी अधोरेखित करायचा. स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं, हाताला किंवा नाकाला जाणवलेलं ते निळं. कुणीतरी सांगितलेलं ते हिरवं. ‘असं झालं असणार’ हे लाल. त्या वेळी आपलं वय काय होतं तेही कोपऱ्यात लिहायचं. मोठेपणी आठवणारी सर्वांत जुनी आठवण सरासरी तीन-साडेतीन वर्षांच्या वयाची असते. दीड वर्षाच्या वयाचा तपशीलवार प्रसंग आठवत असेल तर तो बहुतेक ऐकलेला असतो. स्वतःला बाहेरून, चित्रात पाहिल्यासारखं दिसणं हा मात्र खोटेपणाचा पुरावा मानू नये. अस्सल जुन्या आठवणीही अशा दिसतात.

त्यानंतरच भावंडांना विचारायचं, तेही एकेकाला वेगळं गाठून आणि मोकळ्या प्रश्नाने: ‘आत्याच्या मोटारसायकलचं तुला काय आठवतं?’ ‘मी मागे बसले होते ना?’ असं विचारलं की उत्तर आपणच त्याच्या तोंडी घातलेलं असतं. बाईंची चूक इथेच झाली होती. सत्रांना येण्याआधीच त्यांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न टाकला होता. पहिल्या दोघांनी चुलतभावाची बाजू घेतली आणि पुढच्या सगळ्यांना तेच आठवलं. 2003 सालच्या एका प्रयोगात दोघादोघांना एकाच घटनेच्या थोड्या वेगळ्या चित्रफिती दाखवून त्यावर आपसांत बोलायला लावलं होतं. बोललेल्यांपैकी 71 टक्के लोकांनी नंतर स्वतः न पाहिलेली, फक्त जोडीदाराकडून कळलेली किमान एक गोष्ट ‘पाहिली’ म्हणून सांगितली. म्हणून ग्रुपवरची नऊ मतं ही नऊ साक्षी धरता येत नाहीत.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. घरातल्या लाडक्या काका-मामाबद्दल एखादं भावंड म्हणालं, ‘तो माझ्याशी वाईट वागायचा,’ तर वरचं सगळं त्याला गप्प करायला वापरू नका. तुमच्याशी तो प्रेमाने वागला ही आठवण खरी असू शकते, त्या भावंडाचं म्हणणंही खरं असू शकतं. ऐकून घ्या, उलटतपासणी करू नका, त्याला प्रशिक्षित मदतीपर्यंत पोचवा. आणि संमोहनाने ‘दबलेल्या आठवणी’ उकरून काढण्याच्या वाटेला कुणीच जाऊ नये. त्या अवस्थेत सूचना सहज रुजतात, न घडलेलं घडल्यासारखं वाटू लागतं आणि त्याची खात्रीही वाढते.

बाईंचे अकरा कागद झाले. पिंजऱ्याच्या कागदावर निळं फार कमी निघालं. पावसाचा आवाज, ओल्या रेनकोटचा वास आणि फाटकाच्या थंड लोखंडी गजांवर टेकलेलं कपाळ, एवढंच. गाडीवरचं जवळपास सगळं हिरवं. कपाळाचं वाक्य वाचताना त्या थांबल्या. आपण तेव्हा रडत होतो, असं म्हणाल्या. पण दुसऱ्या एका कागदावर आत्याच्या पाठीला गाल लावून बसल्याचं स्पष्ट निळं होतं, पाऊस नसलेल्या दिवसाचं. धाकट्या चुलतबहिणीनेही, कुणी काही सुचवलेलं नसताना, आत्या एकेकाला आळीपाळीने फिरवायची असं सांगितलं. म्हणजे बाई गाडीवर बसल्या होत्या. बहुधा त्या दिवशी नाही.

पाचव्या सत्रापर्यंत झोप पूर्ववत झाली होती. निवाडा करायचा नाही असं बाईंनी ठरवलं. एका वहीत डाव्या पानावर त्यांची हकीकत, उजव्या पानावर चुलतभावाची, त्याच्याच शब्दांत, खाली तारीख. ती लिहून घेण्यासाठी त्यांनी त्याला फोन केला आणि 40 मिनिटं फक्त ऐकलं. शेवटी एकच प्रश्न विचारला: पिंजऱ्यात पक्षी होता का? तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘तुला आठवतंय का?’