इंडियानातल्या कोलंबसमध्ये पाहण्यासारखं काय आहे?

तुमच्या मुलाची पुण्याहून कोलंबसला बदली झाली आहे, तुम्ही दोघं साठी ओलांडलेले, ऑक्टोबरात तीन आठवडे तिकडे जाताय, आणि ज्याला विचारावं तो म्हणतो, "तिथे काय ठेवलंय, शिकागो-नायगारा करून या." मी त्या गावात चार वर्षं राहिले, म्हणून उत्तर लिहितेय. तीन आठवड्यांतला निदान एक आठवडा गावासाठीच ठेवा.

आधी तिकिटाचं बघा. तुमचं कोलंबस इंडियाना राज्यातलं. ओहायोतलं मोठं कोलंबस वेगळं, दोन्हींत गाडीने तीन तासांहून जास्त अंतर आहे. माझ्या आत्याचं तिकीट एजंटने ओहायोचं काढलं होतं. रात्री दहा वाजता ती तिथे एकटी उतरली आणि आम्ही इथून धावत सुटलो. तिकीट इंडियानापोलिसचं काढा, तिथून तासाभराचा रस्ता आहे.

गाव जेमतेम पन्नास हजारांचं, पण अमेरिकेतल्या नामवंत वास्तुरचनाकारांच्या इमारती इथे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. याचं कारण तुम्हाला पुण्यामुळे जवळचं वाटेल. कमिन्स ही डिझेल इंजिनांची कंपनी १९१९ मध्ये याच गावात सुरू झाली. कोथरूडचा कारखाना १९६२ चा. कंपनीचे प्रमुख जे. अर्विन मिलर यांनी पन्नासच्या दशकात गावापुढे एक प्रस्ताव ठेवला: शाळा बांधायची असेल तर आम्ही दिलेल्या यादीतला चांगला वास्तुरचनाकार निवडा, त्याची फी कंपनीचं फाउंडेशन देईल. पहिली शाळा १९५७ मध्ये उभी राहिली. पुढे अग्निशमन केंद्रं, पोस्ट ऑफिस, आणखी शाळा अशीच बांधली गेली. चांगली इमारत रोजच्या वापरातल्या माणसांना मिळावी, हा विचार मला फार मोठा वाटतो.

सुरुवात फिफ्थ स्ट्रीटवरून करा. एका बाजूला फर्स्ट ख्रिश्चन चर्च, १९४२ चं, एलिएल सारिनेन या फिनलंडहून आलेल्या वास्तुरचनाकाराचं. साधी वीट, सरळ रेषा आणि शेजारी १६६ फुटांचा मनोरा. समोर वास्तुरचनाकार आय. एम. पे यांनी आखलेलं सार्वजनिक वाचनालय, १९६९ चं. दोन्हींच्या मधल्या पटांगणात शिल्पकार हेन्री मूर यांची ब्राँझची कमान आहे, वीस फूट उंच. ती नुसती लांबून बघून पुढे जाऊ नका, खालून चाला. शाळा सुटल्यावर पोरं तिथून पळत जातात. माझी मुलगी चालायला लागली तीच त्या कमानीखाली, त्यामुळे माझं मन तिथे जरा जास्तच गुंतलंय. मग वाचनालयात जाऊन निवांत बसा, कोणी उठवत नाही. ही इमारत कळायला तासभर तरी बसावं लागतं. दुपारचं ऊन विटांवर सरकताना दिसायला हवं.

एलिएलचा मुलगा ईरो, म्हणजे सेंट लुईसची प्रसिद्ध कमान ज्याने आखली तो. त्याची तीन कामं इथे आहेत. १९५४ मध्ये बँक म्हणून बांधलेली काचेच्या भिंतींची इमारत गावाच्या मध्यावरच आहे, आता तिथे बँक नाही. त्या काळी बँका म्हणजे जाड दगडी भिंती आणि खांब, आणि याने रस्त्यावरून आतलं सगळं दिसेल अशी बँक बांधली. दुसरं नॉर्थ ख्रिश्चन चर्च, षट्‌कोनी, वर १९२ फुटांचा सुळका. ते १९६४ मध्ये पूर्ण झालं, पण ईरो १९६१ मध्येच गेला होता. हे थोडं लांब आहे, मुलाला गाडी काढायला सांगा. बाहेरूनच बघितलं तरी चालेल, ऑक्टोबरात भोवतालची झाडं लाल-पिवळी होतात.

तिसरं मिलर कुटुंबाचं घर, १९५७ चं. इथे तुम्हाला थेट जाता येत नाही. गावातल्या पर्यटक केंद्रातून गाडीने नेतात आणि जागा मोजक्या असतात, त्यामुळे पुण्यातूनच आरक्षण करून ठेवा. दिवाणखान्याच्या मधोमध जमीन खोल करून बसायची जागा केली आहे, चारी बाजूंनी रंगीबेरंगी उशा. मला त्याहून बाग आवडली. बागरचनाकार डॅन कायलीने झाडांच्या ओळी अशा लावल्यात की घरातून बाहेर आल्यासारखं वाटतच नाही, एका खोलीतून दुसरीत गेल्यासारखं वाटतं.

तुमच्यापैकी कोणी इंजिनांच्या कामात असेल, तर कमिन्सच्या मुख्य कार्यालयातलं ते शिल्प चुकवू नका: एक अख्खं डिझेल इंजिन सुटं करून प्रत्येक भाग तारांनी हवेत टांगलाय. आत सोडण्याच्या वेळा मुलाकडून विचारून घ्या.

पाय दुखले की वॉशिंग्टन स्ट्रीटवरच्या झाहाराकोसमध्ये बसा. १९०० पासूनचं आइस्क्रीमचं दुकान, संगमरवरी काउंटर आणि आपोआप वाजणारा जुना प्रचंड वाद्यपेटारा. तो वाजेपर्यंत थांबा.

आणि एक संध्याकाळ न्यायालयासाठी ठेवा. न्यायालयाची इमारत १८७४ ची, देखणी आहे. पण मी सांगतेय ते तिच्या आवारातल्या युद्धस्मारकाबद्दल. चुनखडीचे पंचवीस खांब, प्रत्येक चाळीस फूट, अगदी जवळजवळ उभे. बाहेरून नुसते दगड दिसतात. आत शिरलात की खांबांवर युद्धात गेलेल्या इथल्या मुलांची नावं कोरलेली दिसतात, आणि त्या मुलांनी रणांगणावरून घरी लिहिलेल्या पत्रांतले उतारे. इंग्रजी सोपं आहे, वाचता येईल. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा बाबा एकेका खांबापाशी थांबून वाचत राहिले, अंधार पडल्यावर मोबाइलचा उजेड धरून.