बर्फ कधीच न पाहिलेल्या आम्हा कोकणातल्या मित्रांना आइसलँडमधला ग्लेशियर हाइक झेपेल का?

झेपेल. तुम्ही लिहिलंय की सगळे दापोली-गुहागरकडचे, बर्फ पाहिलाय तो फक्त मासळीच्या पेटीत, आणि जूनमध्ये निघताय. आम्ही रत्नागिरीकर मित्र गेलो तेव्हा आमचीही पात्रता एवढीच होती.

आम्ही सोल्हेमायोकुल या हिमनदीवर (म्हणजे ग्लेशियरवर) गेलो होतो. राजधानी रेक्याविकपासून गाडीने दोन-अडीच तास, त्यामुळे नवखे बहुतेक इथेच येतात. मात्र पांढऱ्याशुभ्र फोटोंच्या आशेने जाऊ नका. ही हिमनदी जिथून उतरते त्या हिमटोपीखाली कात्ला ज्वालामुखी आहे (शेवटचा मोठा उद्रेक १९१८चा), म्हणून बर्फावर जागोजाग काळी राख. मध्येच कंबरेएवढे काळे ढीग दिसतात. गाइडने एकावर कुऱ्हाडीचं टोक घासलं, तर बोटभर राखेखाली कडक बर्फ! राखेचा थर जाड असला की ऊन आत पोचत नाही, आजूबाजूचं वितळून जातं आणि तेवढा सुळका उरतो. मला निळ्या भेगांपेक्षा हेच जास्त आवडलं.

दम फारसा लागत नाही. अडचण येते ती पाय टाकायच्या सवयीची. पावसाळ्यात शेवाळलेली पाखाडी उतरताना आपण अंगठे रोवून, पाय आडवा करून उतरतो ना, ते तिथे विसरायचं. बुटाखाली क्रॅम्पॉन, म्हणजे बांधायचे लोखंडी खिळे, असतात. सगळे खिळे एकदम रुततील असा तळवा सपाट आपटायचा आणि पाय फाकवून चालायचं, नाहीतर एका पायाचे खिळे दुसऱ्या पायाच्या पँटीत अडकतात. आमच्यातला मिरकरवाड्याचा, बोटीवर वाढलेला गडी हे पहिल्या पाच मिनिटांत शिकला. बाकीचे तासभर बदकं.

एकमेकांना बांधायला दोर नाही म्हणून घाबरू नका. उन्हाळ्यात या खालच्या भागावरचा भुसभुशीत बर्फ गेलेला असतो, भेगा उघड्या दिसतात. ताज्या हिमाने त्या झाकल्या की मग दोर लागतो. पण गाइडच्या मागे एका रांगेतच राहा. फोटोसाठी बाजूला सरकणारा एकजण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, तुमचा कोण ते आत्ताच ओळखून ठेवा.

हेल्मेट, हार्नेस (दोर अडकवायचा कंबरपट्टा), क्रॅम्पॉन, कुऱ्हाड तिथेच मिळतं. जीन्स आणि सुती बनियन मात्र घरीच ठेवा. आपल्याकडे भिजलं तर वाऱ्यावर सुकतं. तिथे ओला सुती कपडा अंगातली ऊब खेचून घेतो. आत लोकरी किंवा सिंथेटिक, वर फ्लीस (मऊ, उबदार जाकीट), त्यावर पावसाचं जाकीट-पँट. बूट घोट्यापर्यंतचे आणि कडक तळाचे हवेत, नसतील तर भाड्याने घ्या. घेतलेच नवीन, तर निघण्याआधी मार्लेश्वरच्या पायऱ्या त्यातच चढून या.

बुकिंग मुक्कामाच्या शेवटच्या दिवसाचं करू नका. पावसात हाइक सहसा होतो, जोराच्या वाऱ्यात रद्द करतात. हाताशी एखादा दिवस असला तर पुढची तारीख मागता येते.